बाजूचं जाळं

जाळं निळं होतं. कळंब्याच्या तलावात मासे धरणाऱ्या एका माणसाकडून मी ते आणलं होतं. त्याच्या कामाचं राहिलं नव्हतं. दोन-तीन ठिकाणी फाटलेलं, काठाला शिशाच्या गोळ्या मात्र तशाच. महिनाभर त्याला माशांचा वास येत राहिला आणि त्या वासानं आमच्या पेरूच्या झाडावर कावळे बसू लागले. आता ते पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलं आहे. घर झाडायला येणारी बाई दर वर्षी विचारते, हे टाकू का. मी म्हणते, राहू दे.

आईविषयी लोक चांगलं लिहितात. तिच्या कष्टांविषयी, तिच्या हातच्या भाकरीविषयी. मलाही तसं लिहिता येईल, कष्टही होते आणि भाकरीही होती. पण लिहायला बसले की मला ते जाळं आठवतं, आणि त्याच्याविषयी खरं लिहायचं तर चांगलं असं फार काही उरत नाही.

कोल्हापुरातून कळंब्याकडं जाताना वस्ती विरळ होते तिथं आमची दोन घरं एकाच अंगणात होती. एक वडलांचं, एक थोरल्या चुलत्यांचं. दोघेही भाऊ लवकर गेले. मागं राहिल्या दोघी जावा. एका घरात आई आणि मी, दुसऱ्या घरात माझी चुलती आणि तिची म्हैस. चुलतीला मी थोरली आई म्हणायची. आई तिला अक्का म्हणायची. आई लग्न होऊन आली तेव्हा तिला धड चूलही पेटवता येत नव्हती. ते सगळं तिला अक्कानं शिकवलं होतं. अंगणात भिंत नव्हती. मधोमध धुणं आपटायचा एक काळा दगड होता, त्याच्या अलीकडं आमचं, पलीकडं त्यांचं.

मी एम. ए. करत होते तेव्हा थोरल्या आईनं तिच्या माहेरचं, कागलचं एक स्थळ माझ्यासाठी आणलं. मुलगा चांगला होता. तिनं मला न विचारता शब्दही देऊन टाकला होता. मी म्हटलं, परीक्षा झाल्याशिवाय नाही. ते लोक थांबायला तयार नव्हते. बघायला येणार होते त्या दिवशी मी सकाळीच घरातून निघाले आणि शहरातल्या वाचनालयात जाऊन बसले. दिवेलागणीला परत आले तेव्हा पाहुणे पोहे खाऊन, रिकाम्या हातानं निघून गेले होते.

थोरली आई दगडाजवळ उभी होती.

"तुझ्या पोरीनं माझं माहेर तोडलं," ती आईला म्हणाली. "कुठल्या तोंडानं जाऊ मी आता कागलला?"

आईनं तिथंच माफी मागितली असती, मला चार शब्द सुनावले असते, तर भागलं असतं. आई म्हणाली, "शिकतीया, अक्का. शिकू दे की तिला."

"शिकीव. पोटभर शिकीव. माझ्याशी मातर आजपास्नं बोलू नगंस."

आई नाही बोलली. दोघी एकाच विहारात जायच्या, पौर्णिमेला एकाच सतरंजीवर बसायच्या, मधे चार बायका ठेवून. हा अबोला माझ्यासाठी धरला होता. मला तो फारसा जड गेला नाही. माझी परीक्षा होती.

पण अबोला धरला म्हणून बोलणं थांबतंच असं नाही.

आईकडं आठ-दहा गावरान कोंबड्या असायच्या. त्यात एक तांबडी. तांबडी म्हणजे एकच कोंबडी नव्हे. एक गेली की तिच्या पिलातली दुसरी कोणी तांबडी व्हायची, आणि तिचा स्वभावही तोच निघायचा. दाणे आमच्याकडं खायचे आणि अंडं घालायला थोरल्या आईच्या गोठ्यात, गवाणीत जाऊन बसायचं. अबोल्याला दोन-तीन आठवडे झाले असतील. तांबडी दगड ओलांडून पलीकडं गेली आणि थोरल्या आईचा आवाज आला. मोठ्यानं, स्वच्छ, दोन्ही घरांत ऐकू जाईल असा.

"आलीस व्हय गं, भवाने? मालकिणीनं दाणं टाकलं न्हाईत वाटतं. का पुस्तकं चारत्यात तुला घरात?"

आई भांडी घासत होती. तिचा हात थांबला. तांबडी परत येईपर्यंत ती वाट बघत राहिली. कोंबडी अंगणाच्या आमच्या बाजूला आल्यावर आई तिला म्हणाली, "बसलीस गवाणीत? बस की. लोकांच्या घरात फुकटचं अंडं लई गोड लागतंय. आणि वर म्हणायचं, माझं माहेर तोडलं!"

पलीकडं थोरली आई खोकल्यासारखं काहीतरी करून आत गेली. ती हसली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

असं सुरू झालं आणि सहा-सात वर्षं चाललं. त्याला एक रीत होती, कुणी ठरवलेली नव्हती. कोंबडी ज्या बाजूला उभी असेल त्या बाजूच्या बाईनं बोलायचं. दुसरीनं ऐकायचं, उत्तर तिथंच द्यायचं नाही. कोंबडी परत आली की द्यायचं. त्यात टोमणे असायचे, शिव्या असायच्या, पण हळूहळू बातम्याही येऊ लागल्या.

"उद्या चाललीया मी कागलला, दोन दिस," थोरली आई तांबडीला सांगायची. "भाच्याचं लगीन हाय. म्हस कोण बघतंय, तिचं नशीब."

आणि आई तांबडीला, "जा, सांग जा त्या म्हशीला. उपाशी न्हाईस मरत म्हणावं. पेंड कुठं ठेवल्या तेवढं म्हाईत पायजे."

"कणगीच्या मागं ठेवल्या गं, कोंबडे. डोळं फुटल्यात का?"

दोन दिवस आई म्हशीची धार काढायची, दूध झाकून थोरल्या आईच्या उंबऱ्यावर ठेवायची. गवाणीत सापडलेली अंडी थोरली आई धुण्याच्या दगडावर चुंबळीत ठेवायची. सगळी नाही, तीनातलं एक ती ठेवून घ्यायची आणि आईला ते ठाऊक होतं. खोकला झाला तर तोही कोंबडीला सांगायचा. मग दगडावर अडुळशाच्या काढ्याचं भांडं दिसायचं. हातात हात कधी नाही. नजरेला नजर नाही.

मला या सगळ्याची लाज वाटायची. ते मी आता लिहू शकते. मला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली होती. दिवसभर मी पुस्तकांवर क्रमांक घालायची, कुणी मोठ्यानं बोललं तर बोट ओठांवर ठेवायची. घरी आल्यावर ही दोन म्हाताऱ्यांची आरडाओरड. एकदा माझ्या वरिष्ठ बाई काही कागदांवर सह्या घ्यायला घरी आल्या. चहा होईपर्यंत त्या ओट्यावर बसल्या होत्या. पलीकडून आवाज आला, "का गं तांबडे, आज तुमच्याकडं साहेबीण आल्या व्हय? कपबशी हाय का फुटकीच दिली?"

"कुणाशी बोलतायत त्या?" बाईंनी विचारलं.

"कोंबडीशी," मी म्हटलं.

त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. कुणी वाईट बोललं नाही. पण मला ते पुरलं.

त्याच उन्हाळ्यात आईच्या खुडूक कोंबडीनं अकरा पिल्लं काढली आणि त्यातली सात घारीनं नेली. तलावाच्या बाजूला घारी नेहमीच असत. आई पिल्लांना डालग्याखाली झाकायची, बांबूचं ते टोपलं आणि वर वरवंटा. पण दिवसभर किती झाकणार? सातवं पिल्लू आईच्या डोळ्यांदेखत गेलं. ती हातात खराटा घेऊन तलावाकडं पळत गेली, खराटा उंच धरून. परत आली तेव्हा धाप लागली होती.

ग्रंथालयात शेतीचं एक मासिक यायचं. त्यात परसातल्या कुक्कुटपालनावर लेख होता, शेजारी चित्र. खुराड्यापुढच्या जागेवर चार खांब आणि त्यांच्यावर ताणलेलं जाळं. वरून. घार वरून येते, म्हणून जाळं वरून. बाजूंचं त्यात काही लिहिलेलं नव्हतं. उलट, कोंबड्यांना दिवसा मोकळं हिंडू द्यावं, असं एक वाक्य होतं. ते वाक्य पानावर कुठं होतं, हेही मला आठवतं.

मी तलावावर गेले. जाळंवाला म्हणाला, "मासं सोडून आता कोंबड्या धरणार व्हय, ताई?" मी कशाला हवं ते सांगितलं. तोही तेच म्हणाला. "वरनं ताणा. बाजूला मोकळं सोडा. कोंबडी हिंडल्याबिगर काय सुखाची न्हाय."

रविवारी मी बांबू रोवले. पेरूच्या झाडापासून खुराड्याच्या कौलापर्यंत जाळं ताणलं. आई दोऱ्या धरून उभी होती, लहान मुलीसारखी खूश. वरचं झालं. जाळं बरंच उरलं होतं. ते मी चारही बाजूंनी खाली सोडलं, जमिनीपर्यंत. शिशाच्या गोळ्यांनी काठ मातीला घट्ट बसला. कोंबडीला चोचीनं उचलता आला नसता इतका घट्ट. मला आत-बाहेर करायला एका कोपऱ्यात फट ठेवली आणि ती तारेनं बांधली.

"बाजूनं बी लावायचं असतंय?" आईनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "पुस्तकात तसंच आहे."

आईला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तर ती पुस्तक उचलून कपाळाला लावायची, मग ते कसलंही असो, टेलिफोनची यादी असो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकाला हात लावू दिला नाही, त्यांच्या घरात छापलेल्या शब्दाला काय किंमत असते, हे ज्यांच्या घरात पुस्तकं आधीपासून होती त्यांना सांगून कळणार नाही. आईनं माझ्या शिक्षणासाठी अक्का सोडली होती. त्या शिक्षणानं सांगितलेलं खोटं असेल, हे तिच्या मनातही आलं नसतं.

थोरली आई उंबऱ्यावर उभी राहून सगळं बघत होती. काही बोलली नाही. तिच्या बाजूला कोंबडी नव्हती.

जाळं कामाला आलं. पुढच्या खेपेची नऊच्या नऊ पिल्लं वाढली. घार वरून घिरट्या घालायची आणि निघून जायची. मी ग्रंथालयात सांगितलं, तिथंही कौतुक झालं. आणि घर शांत झालं. संध्याकाळी ओट्यावर बसून मला वाचता येऊ लागलं. किती दिवस मी त्या शांततेत पुस्तकं वाचली!

आईनं सुरुवातीला प्रयत्न केला. जाळ्याजवळ उभी राहून ती तांबडीशी मोठमोठ्यानं बोलायची. "काय गं, कोंडलीया म्हणून रुसलीस व्हय? लोकास्नी तुझी आठवण येती का बघ." उत्तर यायचं नाही. यायचं कसं? कोंबडी पलीकडं गेलीच नव्हती. रीत मोडायला दोघीही तयार नव्हत्या. थोरल्या आईचा समज झाला होता, आणि तो तिनं एकदा भाजीवाल्याला ऐकवला. अनोळखी माणूस, हातगाडी घेऊन दारात थांबलेला.

"पावणं, तुमी गावोगाव हिंडताय, तुमास्नी म्हाईत असंल. जाळं घारीला बांधत्यात का जावंला?"

भाजीवाला गोंधळून म्हणाला, "घारीलाच की, मावशी."

"मग घार काय आता चालत याला लागली व्हय?"

आईनं ते ऐकलं. त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. मी वाचत होते. पान संपेपर्यंत ती थांबली. मी वाचत असले की ती नेहमी थांबायची.

"बाजूचं जरा उचललं तर चालंल का गं?" ती म्हणाली. "वरचं ऱ्हाऊ दे. नुसतं बाजूचं. काय म्हणतंय पुस्तक?"

तेव्हा खरं सांगायला काहीच लागलं नसतं. मी म्हटलं, "मुंगूस शिरेल. पुस्तकात नको म्हटलंय."

"मग ऱ्हाऊ दे," आई म्हणाली आणि उठली.

तीन वर्षं जाळं तसंच राहिलं. आईनं त्याच्यावर दोडक्याचा वेल सोडला. त्यामुळं बाजू आणखी दाट झाल्या, पलीकडचं घर दिसेनासं झालं.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. शहरातल्या दवाखान्यात नेलं, परत आणलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते आईला न सांगता कळलं होतं. तिची खाट मी मागच्या दाराशी टाकली, तिथून कोंबड्या दिसायच्या. ती पडून कान देऊन असायची. म्हैस ओरडली की म्हणायची, "धार काढली न्हाय वाटतं अजून. अक्काचं गुडघं दुखत असतील."

"बोलावून आणू का थोरल्या आईला?"

"बोलवून आलेली अक्का काय करू मी?" ती म्हणाली. "कीव करत बसंल. तिनं शिव्या द्यायला पायजेत."

मी तरीही जायला हवं होतं. वीस पावलं. पण गेले असते तर मला सांगावं लागलं असतं, की जाळं आईनं नाही, मी बांधलं. आणि घारीसाठी बांधलं तेवढंच खरं नाही. मी गेले नाही. मी औषधं वेळेवर दिली. सगळेही तेच म्हणतात, औषधं अगदी वेळेवर दिली.

एका सकाळी आई म्हणाली, "आज तांबडीला सोड. मुंगसानं खाल्ली तर खाऊ दे. पुस्तकाचं आपण लई ऐकलं."

मी कोयता घेतला. दोडक्याचा वेल तोडला, गाठी सुटत नव्हत्या त्या कापल्या, दगडाच्या बाजूचं सगळं जाळं खाली पाडून गुंडाळलं. वर आकाश अडलेलं, समोर सगळं मोकळं. दगड दिसू लागला, गोठा दिसू लागला. आईनं मला तिच्या पाठीशी उशी लावायला सांगितलं.

कोंबड्या बाहेर आल्या नाहीत.

जिथं जाळं जमिनीला टेकलेलं असायचं तिथं मातीवर एक रेघ उमटली होती. तांबडी त्या रेघेपर्यंत आली, मान वाकडी करून थांबली आणि मागं वळली. ही तांबडी जाळ्यातच जन्मली होती. मी रेघेपलीकडं ज्वारी टाकली. ती दाण्यांकडं बघत राहिली. मी काठी घेऊन हुसकलं तर फडफडत खुराड्यात शिरली. मी तिला उचलून धुण्याच्या दगडावर ठेवलं. ती क्षणभर बसली, मग धावत परत आली.

"जाईना की गं," आई म्हणाली.

"उद्या जाईल. सवय व्हायला हवी."

"व्हय," आई म्हणाली. उशी काढायला सांगितली.

चौथ्या दिवशी दुपारी आई गेली. तोवर एकही कोंबडी रेघ ओलांडून गेली नव्हती.

रडण्याचा आवाज ऐकून थोरली आई आली. दगड ओलांडून, सरळ. तिनं कुणाला विचारलं नाही. आईला आंघोळ तिनंच घातली, केस विंचरले, पांढरी साडी नेसवली. जलदानाचा, दिवसांचा विधी होऊन लोक निघून गेल्यावर ती मागच्या दारात येऊन उभी राहिली. मी भांडी आवरत होते. नऊ-दहा वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"तिनं बांधाय लावलं हुतं का?"

"नाही. मी बांधलं."

"घारीला."

"हो."

"मग बाजूनं कशाला बांधलंस?"

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला खरंच हवं होतं ते उत्तर. एवढी वर्षं जावेनं आपल्याला तोडलं असं समजून ती त्या उंबऱ्यावर बसली होती, आणि आता जाऊ नव्हती. मी खरं बोलले असते तर तिनं मला मारलं असतं, कदाचित जवळही घेतलं असतं. मी ताटाकडं बघत म्हटलं, "पुस्तकात तसं होतं."

थोरल्या आईनं मग मान हलवली.

"पुस्तकात असंल तर मग बरूबर असंल," ती म्हणाली. जाताना कोंबड्या घेऊन गेली, दोन-दोन करून, पाय धरून.

तिच्याकडं त्या आठवडाभर डालग्याखाली राहिल्या, मग हिंडायला लागल्या. एका संध्याकाळी मी ओट्यावर वाचत बसले होते. तांबडी दगड ओलांडून आमच्या बाजूला आली आणि माझ्या पायाजवळ माती उकरू लागली. मी वर बघितलं. पलीकडं थोरली आई उंबऱ्यावर येऊन उभी होती. तिच्या हातात सूप होतं, पण ती काही पाखडत नव्हती. तोंड म्हशीकडं होतं, कान माझ्याकडं.

कोंबडी आमच्या बाजूला होती. बोलायची पाळी माझी होती.

मला एक वाक्य सुचलं नाही. एवढी पुस्तकं वाचलेली मी. एका कोंबडीला काय म्हणावं ते मला येत नव्हतं. एक शिवी हवी होती, एक टोमणा, दोन शब्द. मी तोंड उघडलं आणि "शू" म्हटलं. तेवढंच. तांबडी घाबरून पलीकडं पळाली.

थोरल्या आईनं तिला काही विचारलं नाही. सूप भिंतीला टेकवलं आणि आत गेली.